डावीकडची ढोलकी

निळ्या डायलचा रिसिव्हर तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत पिंटू घामाने निथळला होता. लिफ्ट आठवडाभर बंद होती. सतरा किलोची पेटी त्याने दारातल्या स्टुलावर टेकवली आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"काका, पुढच्या वेळी तळमजल्यावर घर घ्या."

"आणि पावसात पाणी शिरलं की उपसायला तू ये," बापूराव गमरे म्हणाले.

मुर्ध्याच्या रस्त्याला, मिठागराच्या जागेवर उभी राहिलेली ती बिल्डिंग. बापूरावांनी नोकरीतून सुटताना तिथे दोन खोल्या घेतल्या होत्या. पिंटूची पन्नाशी उलटली होती, पण भाईंदर पश्चिमेच्या मार्केटात त्याला दुसऱ्या नावाने कोणी ओळखत नव्हतं. जुने डेक, रेकॉर्ड प्लेयर, अँप्लिफायर, जे कंपनीनेही वाऱ्यावर सोडलं ते तो दुरुस्त करायचा. बापूरावांच्या घरातले चारही रिसिव्हर त्याच्याच टेबलावरून आलेले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या जपानी पेट्या. आत रेडिओ आणि अँप्लिफायर एकत्र, समोर जाड धातूची पट्टी, हातात घेतला की सोडवत नाही असा नॉब. एक सान्सुई, एक पायोनियर, आणखी दोन. मोबाइलवर गाणी ऐकणाऱ्याला यातलं काही कळत नाही, आणि कळावं असा बापूरावांचा आग्रहही नव्हता.

हा पाचवा. हा त्यांच्या बायकोने, संध्याने निवडलेला होता. आणि संध्याला जाऊन अकरा महिने झाले होते.

गमरेंच्या घरात सेट निवडायची एक रीत होती. बापूराव हॉलमध्ये दोन सेट आलटून पालटून लावायचे. कुठला चालू आहे ते सांगायचे नाहीत. संध्या स्वयंपाकघरात ओट्याशी पाठमोरी उभी राहून भाकऱ्या थापत असायची. एकदा कधीतरी ती तिथूनच म्हणायची, "हा." झालं. तो राहायचा, दुसरा पिंटूकडे परत जायचा. का, असं विचारलं तर म्हणायची, "ह्याच्यात कामाला हात चालतो." बापूरावांना हे उत्तर पटायचं नाही, पण तिची निवड कधी चुकली नाही हे त्यांना मनातून मान्य होतं. बाहेर मात्र नाव त्यांचं. दहिसरपासून वसईपर्यंतची हौशी मंडळी आपले सेट घेऊन यायची आणि म्हणायची, बापूरावांच्या कानाखालून एकदा जाऊ द्या.

दोन वर्षांपूर्वी पिंटूने सांगितलं म्हणून दोघं रिक्षाने उत्तनच्या बाजूला, डोंगरीवरून तारोडी गावात गेले होते. कुवेतला आयुष्य काढून परतलेल्या एका म्हाताऱ्या अंकलकडे हा निळ्या डायलचा सेट होता. दोन्ही स्पीकर एकाच कपाटावर एकावर एक रचलेले. बापूराव ओटीवर बसून ऐकत राहिले, आणि संध्या नेहमीसारखी आत जाऊन अंकलच्या बायकोबरोबर सुके बोंबील निवडत बसली. निघताना चप्पल घालता घालता ती म्हणाली, "अहो, हाच."

पण अंकल सोडायला तयार नव्हते. "आजून मी हाय ना," ते हसून म्हणाले. "मी गेलो का मंग बघा."

अंकल गेल्या महिन्यात गेले. संध्या त्यांच्या आधी गेली.

"चला काका, लावू या," पिंटू म्हणाला. "आतून-बाहेरून साफ करून आणलाय. आधी ऐका, मग बोलू."

त्या दोघांनी मिळून सेट टीव्हीच्या कपाटावर ठेवला. स्पीकरच्या वायरी बापूरावांनी स्वतः लावल्या. एरवी घरात सेट आला की तो सुरू करण्याआधी संध्या मध्ये पडायची. "थांबा, केवढी धूळ आहे, पुसून घेते." कितीही घाई असली तरी ती फडकं फिरवल्याशिवाय गाणं लागायचं नाही. आज पुसायचं काही उरलं नव्हतं. बटण दाबलं, डायल निळी उजळली, आणि बापूरावांनी डेकमध्ये आपली नेहमीची कॅसेट घातली. जुनी भीमगीतांची. जयंतीच्या कार्यक्रमात रेकॉर्ड केलेली नाही, चांगली स्टुडिओतली. डावीकडे ढोलकी, उजवीकडे क्लॅरोनेट आणि कोरस, मध्ये गाणारी बाई. सेट कसा आहे ते ढोलकीच्या चाटीवरून, बारीक तोंडाच्या खणखणाटावरून कळतं, असं ते प्रत्येकाला सांगायचे.

बापूराव खुर्चीत बसले. गाणं सुरू झालं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

क्लॅरोनेट होती. कोरस होता. गाणारी बाई उजवीकडे सरकून कोरसमध्ये जाऊन बसली होती. डावीकडे ढोलकी शेजारच्या घरात वाजावी तशी.

"डावा चॅनल मेलाय," ते म्हणाले.

"काय बोलताय! काल दिवसभर दुकानात चालू होता."

"मग रात्रीत मेला असेल."

पिंटू डाव्या स्पीकरपाशी वाकला, कान लावला. "वाजतोय की चांगला."

"वाजतोय म्हणजे काय? चाटी कुठाय? नुसता ठोकळा ऐकू येतोय."

बापूरावांनी त्याच वायरी काढून सान्सुईला लावल्या. तीच कॅसेट, तेच स्पीकर. ढोलकी डावीकडे खणखणीत, बाई बरोबर मध्ये. त्यांनी पिंटूकडे नुसतं पाहिलं. त्याचं गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तो निघून गेला.

सोमवारी बापूरावांनी वॉचमनच्या मदतीने सेट खाली उतरवला आणि रिक्षा केली.

"अंकल, बम है क्या इसमें?" रिक्षावाल्याने विचारलं.

"रेडियो है."

"इतना बड़ा रेडियो? पूरा इंडिया आता होगा!"

बापूराव हसले नाहीत. पिंटूने दुकानात सेट मीटरला लावला आणि काटे दाखवले. "हा लेफ्ट. हा राइट. बघा, केसाचा फरक नाही." मग आपल्या स्पीकरवर गाणं लावलं. बापूराव काउंटरसमोर उभे राहिले. इथेही तेच. ढोलकी लांब.

"मला तर बरोबर ऐकू येतंय," पिंटू म्हणाला.

"तुला काय ऐकू येणार! दिवसभर बसचे हॉर्न खातोस."

"काका, मीटर खोटं बोलत नाही."

"तुझं मीटर आंधळं आहे. आतला पार्ट बदलला असशील तू. मी हा सेट तारोडीला ऐकलाय. तिने ऐकलाय. हा तो आवाज नाही."

"मी एक स्क्रू बदलला नाही. आईशपथ."

"संध्या असती तर तुझी असली वस्तू माझ्या घरात आणायची हिंमत झाली नसती."

शेजारचा कुलूपवाला हातातलं काम थांबवून पाहायला लागला. पिंटूने गाणं बंद केलं.

"काकींचं नाव यात आणू नका," तो हळू आवाजात म्हणाला. "ठेवून जा. गुरुवारी दहिसरचा एक जण येतोय, तो डोळे मिटून घेऊन जाईल."

"जाऊ दे," बापूराव म्हणाले आणि बाहेर पडले.

जाऊ दे म्हणाले खरं, पण मंगळवार काही सरेना. तिच्या तोंडून निघालेलं शेवटचं 'हाच' दहिसरला जाणार होतं. तारोडीला आतल्या चुलीजवळ बसून तिने त्यात काय ऐकलं होतं, ते त्यांना एकदा ऐकायचं होतं. दुसरं काही नको होतं. पण बिघडलेल्या सेटमध्ये ते कुठून ऐकू येणार? का मुळातच तो असा होता आणि तिची निवड एकदाच, शेवटच्या वेळी चुकली? हे मनात आलं तसं त्यांना स्वतःचाच राग आला. त्यांनी डाळभात केला, अर्धा खाल्ला, अर्धा झाकून ठेवला.

बुधवारी सकाळी त्यांनी चारही सेटवरची कापडी झाकणं काढली. संध्या ब्लाउज शिवायची. उरलेल्या कापडातून प्रत्येक सेटला बेतून झाकण शिवलं होतं, मागे वायरींसाठी भोक ठेवून. ती गेल्यापासून सान्सुई सोडला तर बाकीच्यांवरची झाकणं कुणी काढलीच नव्हती. धुवायला टाकावीत, सेट पुसावेत, एवढाच विचार. त्यांनी आयुष्यात कधी सेट पुसले नव्हते. ते काम तिचं.

सान्सुई पुसताना ते खाली बसले आणि त्यांना व्हॉल्यूमच्या नॉबखाली लाल ठिपका दिसला. साबुदाण्याएवढा. नेलपेंटचा. उभ्याने दिसला नसता, नॉबच्या सावलीत दडला होता.

असा ठिपका त्यांनी एकदा पाहिला होता. पायोनियरवर, सहा वर्षांपूर्वी. त्या दिवशी त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. "चाळीस वर्षं जपानी पट्टीवर ओरखडा नाही, आणि तू नेलपेंट सांडतेस? काही अक्कल?" संध्या म्हणाली होती, "चुकून पडलं." त्यांनी थिनर लावून ठिपका पुसला, तर त्याबरोबर पट्टीवरची दोन अक्षरंही पुसली गेली. त्यावरून ते आणखी तीन दिवस बोलत होते.

चुकून पडलेलं नेलपेंट दुसऱ्यांदा, दुसऱ्या सेटवर, त्याच जागी कसं पडेल?

व्हॉल्यूमच्या नॉबमागे एक पातळ कडं असतं. ते फिरवलं की आवाज डाव्या किंवा उजव्या स्पीकरकडे झुकतो. बापूराव त्या कड्याला कधी हात लावत नसत. ते मधोमध असायचं, खटक्यावर, आणि तिथेच राहायचं, हा त्यांचा नियम. आता त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. कड्याची खूण मध्ये नव्हती. डावीकडे बरीच सरकून ती बरोबर लाल ठिपक्यासमोर थांबली होती.

पुसताना सरकलं असणार, असं म्हणून त्यांनी कडं खटक्यावर आणलं आणि कॅसेट लावली.

ढोलकी शेजारच्या घरात गेली. बाई उजवीकडे सरकली.

ते पायोनियरपाशी गेले. तिथे ठिपका नव्हता, पण कडं डावीकडे. तिसऱ्यावर डावीकडे. चौथ्यावर कड्याऐवजी सरकपट्टी होती, तीही डावीकडे, साधारण तेवढीच.

बापूराव खुर्चीत बसले. गाणं बंद केलं. उजव्या कानाजवळ अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं. सुर्रसुर्र ऐकू आलं. मग डाव्या कानाजवळ घासलं. बोटं एकमेकांवर फिरत असल्याचं कळत होतं, एवढंच. तारोडीला स्पीकर एकावर एक होते, म्हणून तिथे हे कळलं नव्हतं.

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात त्यांनी अठ्ठावीस वर्षं प्रेसवर काढली होती. पत्रा ठेवायचा, पाय मारायचा, ताट तयार. प्रेस त्यांच्या डाव्या हाताला असायचा. गाळ्यातले सगळेच ओरडून बोलायचे, त्यामुळे कोणाला काही कळत नसे. सहा वर्षांपूर्वी संध्या एकदा म्हणाली होती, कान दाखवून येऊ या का. ते उसळले होते. "लांबलांबून लोक माझ्या कानावर विश्वास ठेवून येतात आणि तू मला बहिरा ठरवतेस?" तो विषय तिने पुन्हा काढला नाही. त्यानंतर तिने पलंगाची बाजू तेवढी बदलली. उजवीकडे झोपायला लागली. पंख्याचा वारा सोसत नाही, म्हणाली. रिक्षात ती आधी स्वतः चढायची आणि आत सरकून त्यांच्या उजवीकडे बसायची.

त्यांनी मुलीला, मिनलला फोन लावला. ती पनवेलला असते.

"काय बाबा, जेवलात का?"

"आई माझ्या कानाबद्दल काही बोलली होती?"

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"म्हणजे बोलली होती."

"सगळ्यांनाच माहिती आहे, बाबा. उजवीकडून बोलायचं, तुम्हाला कळू द्यायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. तुमचे जावई लग्नानंतर पहिल्यांदा घरी आले तेव्हा त्यांनासुद्धा आईने जिन्यात थांबवून सांगितलं होतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही किती चिडता!" मिनल म्हणाली. मग आवाज खाली आणून, "ती म्हणायची, त्यांच्याकडे एवढी एकच मिजास आहे, ती राहू दे."

गुरुवारी पिंटू दुकानावर आला तेव्हा बापूराव बंद शटरसमोर उभे होते.

"शटर तरी उघडू द्या," पिंटू म्हणाला. "सोमवारी कुठली शिवी द्यायची राहिली होती?"

"सेट न्यायला आलोय."

"कुठला? डाव्या अंगाने मेलेला?"

"सेट चांगला आहे."

"आणि माझं आंधळं मीटर?"

"तेही बरोबर आहे. माझा डावा कान गेलाय, पिंटू."

पिंटूचे हात शटरवर तसेच राहिले. मागून उत्तनची बस हॉर्न वाजवत गेली. बापूरावांनी मग सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, खाली बघत. ठिपका, कडं, आधी पुसून घेते म्हणणं. हौशी मंडळींचे सेटसुद्धा ती आधी पुसायची, हे त्यांना सांगता सांगताच आठवलं.

"सहा वर्षं?" पिंटू म्हणाला.

"सहा."

"आणि आपण दोघं शहाणे तिच्याच हातचा चहा पीत डाव्या-उजव्यावर भाषणं ठोकत होतो!" तो हसला, मग एकदम थांबला. शटर वर ढकललं, आत गेला आणि मोबाइल काढला. "हां भाई, वो सेट के लिए मत आना... नहीं नहीं, चला गया. घर के आदमी ने लिया."

फोन ठेवून तो म्हणाला, "सोमवारचं ते..."

"मी बोललो ते. तू नाही."

पिंटूने मान हलवली. त्यानेच सेट पुन्हा तीन मजले चढवला. चहा झाल्यावर म्हणाला, "मी बसतो इथे. तुम्ही कडं फिरवा, कुठे थांबायचं ते बघू."

"तुझे दोन्ही कान धड आहेत. तुला काय कळणार? जा, दुकान उघडं टाकून आलायस."

"कानाला मशीन लावा काका. आता बारीक मिळतात."

"बघू."

पिंटू गेल्यावर घर एकदम शांत झालं. बापूरावांनी कॅसेट लावली. निळ्या डायलच्या सेटलाही नॉबमागे कडं होतं. ते त्यांनी थोडं डावीकडे नेलं, खुर्चीत जाऊन बसले, उठले, आणखी थोडं नेलं, पुन्हा बसले. "आता?" असं विचारायची सोय नव्हती. इतकी वर्षं हे कोणी कसं जमवलं असेल? ती तर त्यांच्या कानांनी ऐकत नव्हती. ते खुर्चीत मान किती वळवतात, कपाळाला आठ्या पडतात की नाही, ते बघत फडकं फिरवत असणार. शेवटी त्यांनी सान्सुईचं कडं परत लाल ठिपक्यासमोर नेलं आणि त्या अंदाजाने नव्या सेटचं कडं लावलं.

ढोलकी घरात आली. डावीकडे, जिथे असायला हवी तिथे.

आवाज चांगला होता. पण पायोनियरपेक्षा, सान्सुईपेक्षा चांगला का, ते बापूरावांना सांगता आलं नसतं. तिने काय ऐकलं होतं ते खुर्चीत बसून कळेना. ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी पाठमोरे उभे राहिले. तिथे डावं-उजवं काही नव्हतं. दारातून एकच आवाज येत होता, सगळा मिळून. नुसतं उभं राहून ऐकायला त्यांना ओशाळल्यासारखं झालं म्हणून त्यांनी चहाचे दोन कप विसळले. मग पातेलं घासलं. मग दोन दिवस सिंकमध्ये पडलेली ताटं. मग ओटा पुसला, गॅसच्या शेगडीखालून फडकं फिरवलं, मसाल्याच्या डब्याची झाकणं पुसून एकावर एक लावली. कॅसेटची एक बाजू संपून डेकचं बटण खाडकन वर आलं तेव्हा त्यांच्या हातात करायला काही उरलं नव्हतं. अकरा महिन्यांत ओटा एवढा स्वच्छ झाला नव्हता.

"हाच," ते म्हणाले. पलीकडच्या खोलीत ऐकायला कोणी नव्हतं.

शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीशेजारी नेलपेंटची बाटली सापडली. आतला रंग वाळून घट्ट झाला होता. बापूरावांनी थिनरचे चार थेंब टाकले आणि बाटली तळव्यांमध्ये बराच वेळ फिरवली. मग निळ्या डायलसमोर जमिनीवर बसले. पट्टीवर एकही ओरखडा नव्हता. त्यांनी ब्रश टेकवला. ठिपका मोठा झाला आणि त्याचा एक बारीक ओघळ खाली आला.

त्यांनी तो पुसला नाही. वाळेपर्यंत तिथेच बसून राहिले, आणि मग कॅसेटची दुसरी बाजू लावली.